खरे ड्रम की पॅड

जानकीपुरम, लखनौ
३ ऑगस्ट १९९७

ती. उल्हासकाकांना नमस्कार.

मी इंद्रजित, तुमच्या शशीचा मुलगा. तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मी हाफ पँटमध्ये तुमच्या बोंगोवर चढून बसलो होतो, असं आई सांगते. मराठी लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्या. आई म्हणाली, काकांना लिहायचं तर मराठीतच लिही, हिंदीत लिहिलंस तर ते परत पाठवतील.

काम असं आहे. आमचा बँड आहे, नाव ‘तहखाना’. आम्ही मेटल वाजवतो. मतलब असं म्युझिक, ज्याला बाबा ‘टेक-ऑफ’ म्हणतात. गिटार अमोघ वाजवतो. तो आमच्याच कॉलनीतला, त्याचे वडील बँकेत आहेत. त्याला बंगलोरला नोकरी लागलीय, डिसेंबरात जाणार. तो गेला की बँड संपला, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, पण कोणी बोलत नाही. म्हणून तो जायच्या आधी आमची गाणी घरातच रेकॉर्ड करून ठेवायची आहेत. कॅसेटवर चार ट्रॅक घेणारं मशीन एका मित्राने वापरायला दिलंय.

अडलंय ते ड्रमवर. मी बाबांचाच जुना सेट वाजवतो, तुमच्या ऑर्केस्ट्रातला. आवाज जबरदस्त आहे, पण आमच्याकडे माइक दोनच. बेस ड्रमजवळ ठेवला तर सिंबलच्या थाळ्या लांबून कुठूनतरी येतात, वर टांगला तर सगळं सिंबलच. त्यात शेजारच्या मिश्राजींच्या सुनेला बाळ झालंय. मिश्राजी भिंत ठोकतात. परवा मिश्रा आंटी दारात येऊन म्हणाल्या, ‘भैया, बच्चा अभी सोया है, आप लोग कहीं मैदान में जाकर पीटिए ना.’

अमोघ म्हणतो, इलेक्ट्रॉनिक पॅड मिळव. माझं मन होत नाही. तुम्ही पुण्यात ऑर्केस्ट्रात पॅड वाजवता आणि बाबांचा सेटही तुम्हाला माहीत आहे. दोन्हीकडचं कळणारे तुम्ही एकटेच. काय करू? बाबांना विचारलं तर ते ‘हां, ठीक है’ म्हणून पेपर वाचत बसले. आजकाल कशालाही ‘हां, ठीक है’.

तुमचा
इंद्रजित


पुणे
१४ ऑगस्ट १९९७

चि. इंद्रजित, खूप आशीर्वाद.

तुझं पत्र मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. मधुमती म्हणाली, शशीभाऊजींचा मुलगा धांगडधिंगा करतो म्हणजे वळणावर गेला.

तुझे बाबा तुला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतो. तो सेट लखनौच्याच लालबागेतल्या एका क्लबातला. तिथला बँड बंद पडला आणि ड्रम वाजवणारा गोव्याचा म्हातारा गावी निघाला होता. त्याने आधी स्वतः वाजवून दाखवलं, मग शशीला बसवलं. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, घेऊन जा, इथे धूळ खात पडण्यापेक्षा बरं. सेट टांग्यात आणि मागे सायकलींवर आम्ही दोघे, हजरतगंजातून असे निघालो की लोक थांबून नवरदेव शोधत होते. हवाई दलातल्या आमच्या मराठी मंडळात गणपतीला ऑर्केस्ट्रा असायचा. शशी ड्रमवर, मी बोंगो आणि तुंब्यावर. दिवसभर विमानांच्या इंजिनांशी झटायचं, संध्याकाळी तेलकट हात धुऊन तालमीला बसायचं. काय दिवस होते रे!

आणि शशीचा तो कान! इंजिन सुरू झालं की नुसतं ऐकून सांगायचा, दुखणं कुठे आहे. ऑर्केस्ट्रातही तेच. मागच्या रांगेत व्हायोलिनची तार जराशी उतरली की वाजवता वाजवता याची भुवई वर. मी आयुष्यात पुष्कळ वादक पाहिले, असा कान पाहिला नाही.

आता तुझा प्रश्न. मनाचं विचारशील तर खरे ड्रम. तिथे हवा हलते, पोटात कळतं. पॅडवर सिंबल मारलीस तर तिची शेपूट मध्येच तुटते. पण खोलीचं आणि मिश्राजींचं विचारशील तर पॅड. दोन माइकमध्ये तुझं टेक-ऑफ मावणार नाही. पॅडचा आवाज वायरीतून सरळ मशीनमध्ये जातो, चुकलं तर हवं तितक्यांदा वाजव, कोणाचं बाळ उठत नाही. माझा जुना सेट घरात पडून आहे: रबराचे पॅड, पायाचा पॅड आणि आवाजाची पेटी. इथला एक सार्जंट बदली होऊन लखनौला येतोय, त्याच्या सामानात टाकून देतो. हेडफोन लावून वाजव. बाहेर नुसती टकटक.

बाबांना माझ्याकडून एक गुद्दा दे. फोन केला की तो नेहमी आंघोळीला गेलेला असतो. इतक्या आंघोळी करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तुझा
उल्हासकाका


जानकीपुरम
१० सप्टेंबर १९९७

काका, सेट पोचला! वायर एकही तुटली नाही. त्या सार्जंटकाकांना आईने थालीपीठ खायला घातलं, ते म्हणाले, पुण्याहून निघाल्यापासून याचीच आठवण येत होती.

जेवताना आई-बाबांना सगळं नीट समजावून सांगितलं, की अब आवाज़ बाहर नहीं आएगी, जे काही आहे ते हेडफोनमध्ये. बाबा मान हलवून म्हणाले, ‘हां, अच्छा है.’ आईचं मात्र सुरूच आहे. रबरावर काठी आपटते ती टकटकसुद्धा तिला नको. ‘काय रे हा आवाज, डोकं उठलं,’ म्हणते आणि स्वयंपाकघराचं दार धाडकन लावते. बाबांचा सेट चादरींत गुंडाळून दुछत्तीवर चढवला, संडासावरचा तो माळा. बाबा खाली उभं राहून बघत होते.

एक गंमत सांगतो. रविवारी मी हेडफोन लावून वाजवत होतो. अमोघ त्याचा गिटारचा ॲम्प्लिफायर कोपऱ्यात चालूच ठेवून गेला होता, पण त्याला जोडलेलं काही नव्हतं. बाबा दारात आले आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘जरा कमी कर.’ काका, कमी काय करू? आवाजच नव्हता! आदत है, और क्या. इतकी वर्षं ओरडलेत की आता काठ्या दिसल्या तरी ओरडतात. अमोघला सांगितलं तर तो हसून हसून लोळला. दुसऱ्या दिवशी तर कमालच. मला म्हणाले, ‘काल छान वाजवलंस.’

दोन गाण्यांचे ड्रम टेपवर घेऊन झाले. एकदम साफ आलेत. पण यार, घर फार शांत वाटतं. आता मिश्राजीही भिंत ठोकत नाहीत.

इंद्रजित


पुणे
१८ सप्टेंबर १९९७

शश्या,

फोनवर तू सापडत नाहीस म्हणून लिहितोय. पोराने कळवलंय की तू त्याला ‘कमी कर’ म्हणतोस. अरे, आठवतंय का, तालीम रंगात आली की सीओ साहेबांचा माणूस सायकल मारत यायचा? ‘साहब बोले हैं, कम करो.’ आणि तू त्याला म्हणायचास, साहेबांना सांग, कमी केलंय, हे कमी केलेलंच आहे. आता तूच साहेब झालास होय?

मंडळाचा गणपती यंदाही झाला असेल. तुम्ही लोक आता तिथे जाऊन नुसती आरती करता की कोणी काही वाजवतंही? इथे मी अजून शनिवार-रविवार कार्यक्रम करतो. सगळी मुलं तरुण, मला ‘दादा’ म्हणतात आणि माझी बॅग उचलतात. बॅग उचलायला लागले की समजावं. मधूनच मागे वळून बघतो, ड्रमवर तू असशील असं वाटून. तिथे कोणी केस रंगवलेला पोरगा असतो.

एकच विचारतो. माझ्या सेटचा आवाज कसा वाटला? इंद्राला आवडला, पण त्याच्या मताला मी किंमत देत नाही. तुझ्या कानाला देतो. खरं काय ते लिही.

उल्हास


लखनौ
२८ सप्टेंबर १९९७

प्रिय उल्हास,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहायला धीर होत नव्हता. तुझ्या सेटचा आवाज मला ऐकू आला नाही.

लिहून टाकलं. आता पुढचं लिहिता येईल. गेली काही वर्षं कान उतरत चालले आहेत. आपण पाळीवर कानात बोळे घालणाऱ्यांना हसायचो. इंजिन ऐकायचं असतं, बंद करायचं नसतं, असं मीच म्हणायचो. आधी पाखरं गेली. मग कुकरची शिट्टी. मग विनीता पाठमोरी असली की तिचं बोलणं. मी समोरच्याचे ओठ बघतो, मान हलवतो आणि ‘हां, ठीक है’ म्हणतो. बहुतेक वेळा निभतं. अमौसीच्या विमानतळावर विमानाजवळ काम करताना इंजिन छातीत कळतं, त्यामुळे तिथेही निभलं. फोन मात्र घेत नाही. फोनला ओठ नसतात.

पण इंद्रा वाजवायचा ते मला ऐकू यायचं. माझाच सेट, माझंच पोरगं. मिश्राजी भिंत ठोकायचे आणि मी पेपराआड मनात म्हणायचो, ठोका लेको, मला ऐकू येतंय. तेवढ्यावर मी स्वतःची समजूत घालत होतो.

मग तुझा सेट आला. रविवारी दारात उभा राहिलो. पोरगा घामाघूम होऊन मारत होता, हात काय, पाय काय. कोपऱ्यातल्या ॲम्प्लिफायरचा लाल दिवा जळत होता. विनीता कपाळाला हात लावून ‘डोकं उठलं’ म्हणत होती, तिचे ओठ मी पाहिले. आणि मला काही नाही. उल्हास, काहीच नाही. ‘जरा कमी कर’ म्हटलं, कारण बापाने अशा वेळी काहीतरी म्हणायला हवं. दुसऱ्या दिवशी ‘छान वाजवलंस’ म्हटलं. तो माझ्याकडे असा बघत राहिला की वाटलं, पकडला गेलो.

बाकी जे ऐकू येतं ते खरंच ऐकू येतं की नुसता अंदाज असतो, हेही आता सांगता येत नाही. ज्याला आपल्याच घरातला ड्रम ऐकू येत नाही, त्याचं उरलं काय? राजीनामा लिहून ठेवलाय. ऑक्टोबर संपताना देईन. कारण ‘तब्येत’ एवढंच. कान गेलेल्या माणसाने विमानाजवळ उभं राहू नये.

विनीताला आणि इंद्राला हे कळता कामा नये. तुला आपल्या मैत्रीची शपथ आहे. नोकरीचं मला इतकं वाटत नाही. पोरगा काय वाजवतो ते यापुढे मला कधीच कळणार नाही, हे मात्र सहन होत नाही.

शशिकांत


पुणे
५ ऑक्टोबर १९९७

अरे गाढवा!

आवाज नव्हताच! तुला ऐकू येण्यासारखं तिथे काही नव्हतंच. ते पॅड म्हणजे रबराचे तुकडे. काठी मारली की आवाज वायरीतून पेटीत जातो, पेटीतून हेडफोनमध्ये, आणि हेडफोन होता तुझ्या पोराच्या कानावर. तो ॲम्प्लिफायर गिटारचा, त्याला काही जोडलेलं नव्हतं. वहिनींना ऐकू येते ती रबरावरची टकटक. माझ्या घरात मधुमतीही त्यावरून भांडायची. आणि हे सगळं इंद्राने तुला जेवताना सांगितलंय. तू ‘हां, अच्छा है’ म्हणालास. काय अच्छा है ते न ऐकताच!

कान कमी झाले असतील. माझे गुडघे झालेत. पण तू समजतोस तसं काही घडलेलं नाही. तुझं पत्र वाचून मी रडलो, मग स्वतःवर चिडलो, कारण ते पॅड मीच पाठवले. शशी, इतकी वर्षं तू एकटा ओठ वाचत बसलास आणि मी इथे तुझ्या आंघोळींवर विनोद करत होतो.

इंद्राला विचार. एकदा हेडफोन मागून घे आणि कानाला लावून बघ. राजीनामा फाडून टाक.

उल्हास


लखनौ
१२ ऑक्टोबर १९९७

प्रिय उल्हास,

पत्र मिळालं. माझं मन राखायला लिहिलंस, कळतं मला.

पॅड मी पाहिलेत. लग्नांत पाहिलेत, मंडळाच्या गणपतीत पाहिलेत. मांडव हलतो. आवाज बाहेर येत नाही असं वाद्य कोण कशाला बनवेल? मी जन्मभर यंत्रांत काम केलंय, मला हे सांगू नकोस. टकटकीने कोणी दार लावून घेत नाही. आणि तुझं खोटं मला नवीन नाही. जोधपूरच्या कार्यक्रमात तुझ्या बाजूचा स्पीकर बंद पडला होता, मी खुणेने विचारलं तर तू अंगठा दाखवून ‘मस्त चाललंय’ म्हणालास. तेव्हा मला बरं वाटावं म्हणून म्हणालास. आताही तेच.

इंद्राला विचार म्हणतोस. विचारलं की त्याला कळलंच. हेडफोन लावला आणि तरीही काही आलं नाही तर मी त्याच्यासमोर काय करू?

शपथ विसरू नकोस.

शशिकांत


पुणे
१७ ऑक्टोबर १९९७

चि. इंद्रजित,

माझा सल्ला चुकला. पॅड बाजूला ठेव आणि बाबांचा सेट खाली उतरव.

तू म्हणशील, काका गेले कामातून. दोन महिन्यांपूर्वी पॅडचे गोडवे गायले आणि आता हे. पण विचार कर, मेटल म्हणजे काय रबर आपटायचं काम आहे? तूच लिहिलंस, साफ आलंय पण घर शांत वाटतं. तेच टेपवरही वाटणार. तुझ्या नातवाला कॅसेट ऐकवशील तेव्हा तो विचारेल, आजोबा, यात तुम्ही कुठे आहात?

सांगतो तसंच कर. दिवाळीच्या आधीचा रविवार. सकाळी, बाबा घरी असताना. खोलीचं दार उघडं ठेव. मिश्राजींच्या घरी आदल्या दिवशी मिठाई घेऊन जा, बाळाला कडेवर घे, आणि थोडा वेळ मागून घे. लखनौची माणसं अशा मागण्याला नाही म्हणत नाहीत, मला माहीत आहे. मग वाजव. हात राखून नको, मिश्राजींना घाबरून नको, वाजव तसं जसं तुम्ही वाजवता.

का, ते विचारू नकोस. मी एकाला शब्द दिलाय. महिना संपायच्या आत झालं पाहिजे, इतकंच. माझ्यासाठी कर.

उल्हासकाका


जानकीपुरम
२७ ऑक्टोबर १९९७

काका,

तुम्हाला माहीत होतं ना?

तुम्ही सांगितलं तसं केलं. मिश्राजी म्हणाले, ‘अरे बेटा, तुमने पूछ लिया, यही बहुत है, बजाओ.’ आणि सुनेला नि बाळाला घेऊन आंटी आलमबागला बहिणीकडे गेल्या. अमोघ आणि मी सेट खाली काढला, पुसला, कसला. बाबा व्हरांड्यात बुटांना पॉलिश करत होते. आम्ही काय करतोय ते त्यांनी बघितलं नाही, पाठ होती.

मी आधी नुसता बेस ड्रम मारला. एकदा. मग पुन्हा. दारात बाबा आले. एका हातात बूट, एका हातात ब्रश. म्हणाले, ‘काय वाजलं?’ मी म्हटलं, ‘बाबा, तुमचा सेट.’ म्हणाले, ‘पुन्हा वाजव.’ मी वाजवला. त्यांनी बूट खाली ठेवला आणि तिथेच, बेस ड्रमसमोर, फरशीवर मांडी घालून बसले. ‘थांबू नकोस,’ म्हणाले. मी आमचं सगळ्यात जोराचं गाणं काढलं. अमोघने गिटार घेतलीच नाही, तो बाबांकडेच बघत राहिला. काका, बाबा हसत होते आणि त्यांचे गाल ओले होते, आणि ते मोठमोठ्याने ओरडत होते, ‘येतंय रे! येतंय!’ काय येतंय, ते मला कळेना. पण मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं, म्हणून वाजवत राहिलो.

मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. ते वर बघायला लागले, माझ्या हातांकडे. हात वर करून त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, ‘सिंबल का मारत नाहीस?’

मी मारतच होतो, काका. पूर्ण जोर लावून. त्यांच्या डोळ्यांसमोर ती थाळी अजून हलत होती.

तेव्हा मला सगळं कळलं. ‘हां, ठीक है’ कळलं. ‘जरा कमी कर’ कळलं. मी त्यावर हसलो होतो. अमोघला सांगून त्यालाही हसवलं होतं. मी काठ्या खाली ठेवल्या. आई दारात उभी होती, तिच्या पिठाच्या हाताने ती तोंड दाबून धरत होती. अमोघ हळूच बाहेर निघून गेला.

बाबा मात्र सेटकडे बघत शांत बसले होते. इंजिन ऐकायला बसत असतील तसे, मतलब मी ते कधी पाहिलं नाही, तुमच्या पत्रावरून वाटलं. मग म्हणाले, ‘ड्रम येतात. थाळ्या येत नाहीत. म्हणजे एवढंच गेलंय.’

पुढचं ते स्वतः लिहिणार आहेत. मला म्हणाले, तू काही लिहू नकोस, तू भावनेच्या भरात काहीही लिहितोस. म्हणून थांबतो.

इंद्रा


लखनौ
९ नोव्हेंबर १९९७

प्रिय उल्हास,

शपथ तू मोडली नाहीस, वाकवलीस. माफ केलं. आवाज नसलेलं वाद्य लोक बनवतात, हेही कबूल. कशाला बनवतात ते अजून पटलेलं नाही.

त्या रविवारी थोड्या वेळाने इंद्राने तुझे पॅड पुढे ओढले. मला म्हणाला, ‘बाबा, बैठिए,’ आणि हेडफोन माझ्या कानाला लावायला लागला. मी नको म्हटलं. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. ड्रम परत मिळाले होते, तेवढ्यावर मला थांबायचं होतं. त्याने ऐकलं नाही. पेटीवरची दोन बटणं फिरवली, बारीक आवाज वाढवायचं एक आणि एकूण आवाजाचं एक, आणि माझ्याकडे न बघता सिंबलच्या पॅडवर काठी मारली.

उल्हास, थाळी वाजली. लांबून, पातळ, पण थाळीच. मी हात पुढे करून काठी मागितली आणि स्वतः मारली. मग मारतच राहिलो. विनीता म्हणे दारातून ओरडत होती की रबर फाटेल. मला काय ऐकू येणार? तू लिहिलं होतंस ना त्याला, की पॅडवर सिंबलची शेपूट तुटते. तुटू दे. मला सुरुवात ऐकू आली.

रेकॉर्डिंगचं आम्ही आता असं ठरवलंय. बेस ड्रम, साइड ड्रम आणि बाकीचे ड्रम आपले खरे, सिंबल तुझ्या पेटीतले. थाळ्यांचा गोंगाट नसला की दोन माइक पुरतात, असं अमोघ म्हणतो आणि मलाही ते पटलं. मिश्राजींनी दुपारची वेळ दिली आहे. बाळालाही बहुधा सवय झाली, त्या वेळी त्याची आई त्याला घेऊन खिडकीत बसते. मशीनजवळ हेडफोन लावून मी बसतो. संगीत म्हणशील तर भयंकर आहे. पण पोरगा हात चांगला चालवतो. पाय हातांच्या मागे पडतो, ते मी त्याला सांगितलं. तो आधी चिडला, मग त्याने टेप मागे नेऊन ऐकली आणि पुन्हा काठ्या उचलल्या. आम्ही दोघे पुष्कळ हसलो. अमोघ जाण्याआधी सगळी गाणी होतील.

राजीनामा दिला नाही. साहेबांकडे गेलो आणि कानांचं जे आहे ते सांगितलं. तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, वरच्या पट्टीतले आवाज गेलेत, ते परत यायचे नाहीत, खालचे अजून बरे आहेत. कानाचं यंत्र येईल. विमानाजवळचं काम मात्र गेलं. त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? ज्या दिवशी तिकडे न जाता दुसऱ्या इमारतीत गेलो, त्या दिवशी डबा उघडावासा वाटला नाही. आता नव्या मुलांना इंजिन शिकवतो. पहिल्याच तासाला सांगितलं, कानात बोळे घाला, नाहीतर माझ्यासमोर बसू नका.

तुझ्या मागे ड्रमवर केस रंगवलेला पोरगा असतो, असं तू पत्रात लिहिलं होतंस. मी तुझा हेवा केला होता. आता करत नाही. पण एकदा ये. माझा सेट खाली काढलेलाच आहे, तुंबा कुठूनतरी आणू.

काल विनीता स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली. माझी मान सवयीने हलायला निघाली होती, ती मी थांबवली आणि म्हटलं, ‘ऐकू आलं नाही. पुन्हा सांग.’ एवढंसं वाक्य, पण ते बोलायला मला इतकी वर्षं लागली. ती गॅस बारीक करून बाहेर आली, माझ्या शेजारी बसली आणि कानाजवळ तोंड आणून म्हणाली, ‘दही संपलंय, जरा घेऊन या.’

कानाजवळचं मला पहिल्याच वेळी कळलं. तरी मी तिला आणखी एकदा सांगायला लावलं.

तुझा
शशी